मुदतवाढ की नवा गडी?

अनुभवी खेळाडूचा करार संपत आला, की त्याला मुदतवाढ द्यायची की नवा गडी आणायचा? २०२४ साली अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, या एकाच प्रश्नाला दोन संघांनी बरोबर उलटी उत्तरं दिली. मार्चमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जनी पस्तीस वर्षांच्या कर्क कझिन्सला जाऊ दिलं. सप्टेंबरमध्ये डॅलस काउबॉइजनी एकतीस वर्षांच्या डॅक प्रेस्कॉटला चार वर्षांची मुदतवाढ दिली, तीही हंगामातला पहिला सामना सुरू व्हायला काही तास उरले असताना. दोघंही चांगले क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारे खेळाडू. दोघांच्याही खात्यावर नियमित हंगामातले भरपूर विजय आणि प्लेऑफमधले, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीतले, जेमतेम. वयात थोडा फरक आहे, तरी तुलनेसाठी याहून चांगली जोडी मला दिसत नाही.

आपल्यातले बरेच जण आता साधी फँटसी (खऱ्या खेळाडूंची यादी बनवून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचा खेळ) सोडून कॉन्ट्रॅक्ट लीग खेळायला लागले आहेत. तिथे खऱ्या लीगसारखीच कॅप, म्हणजे वर्षाला सगळ्या खेळाडूंवर मिळून खर्चायची मर्यादा असते, करारांना वर्षं असतात आणि खेळाडू सोडला तरी त्याच्या उरलेल्या पैशाचा भार आपल्या डोक्यावर राहतो. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, की माझ्याकडच्या अनुभवी गड्याचं काय करू? हा निर्णय मी आमच्या मित्रांच्या लीगमध्ये स्वतः घेतलेला आहे. शिवाय मिनियापोलिसजवळ राहून व्हायकिंग्जचा संघ बघत आलोय, त्यामुळे कझिन्सचं सगळं प्रकरण जवळून अनुभवलंय. माझा कल कुठे आहे ते वाचताना लक्षात येईलच. पण डॅलसची बाजू पोकळ आहे असं मला मुळीच वाटत नाही, म्हणून तिथून सुरुवात करतो.

प्रेस्कॉटला दिलेला आकडा २४ कोटी डॉलर, त्यातले २३ कोटी १० लाख गॅरंटीचे. वर्षाला सरासरी ६ कोटी. एवढी सरासरी त्याआधी लीगमध्ये कुणालाच मिळालेली नव्हती. आकडा ऐकून बहुतेकांनी डोक्याला हात लावला, पण डॅलसच्या जागी बसून पाहिलं तर पर्याय काय होता? त्याच्या आदल्याच हंगामात, २०२३ मध्ये, प्रेस्कॉट एमव्हीपीच्या, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या, मतदानात दुसरा आला होता. संघ सलग तीन हंगाम १२-५ (बारा विजय, पाच पराभव) होता. जानेवारी २०२४ मध्ये घरच्या मैदानावर ग्रीन बे पॅकर्सनी ४८-३२ असं धुतलं हे खरं, पण ती धुलाई बचावफळीचीही होती. असा माणूस सोडायचा आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातले नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांमध्ये, नशीब आजमावायचं, हे बोलायला सोपं आहे. २०२१च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले: ट्रेव्हर लॉरेन्स, झॅक विल्सन, ट्रे लान्स, जस्टिन फील्ड्स, मॅक जोन्स. २०२४चा हंगाम सुरू झाला तेव्हा लॉरेन्स सोडून बाकीचे चौघे आपापल्या संघातून बाहेर पडलेले होते. लान्ससाठी फोर्टीनाइनर्सनी पहिल्या फेरीचे तीन पिक (निवडीचे हक्क) मोजले होते आणि शेवटी तो डॅलसमध्येच प्रेस्कॉटच्या मागे बाकावर येऊन बसला. नव्या गड्यावर डाव लावणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावं, मीसुद्धा ठेवतो.

डॅलसच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. द्यायचीच असेल तर मुदतवाढ लवकर द्यावी. २०१९ मध्ये जॅरेड गॉफ आणि कार्सन वेन्ट्झ यांचे करार वर्षाला सव्वातीन-साडेतीन कोटींच्या घरात झाले, तेव्हाच प्रेस्कॉटशी बोलणी आटोपली असती तर बरंच स्वस्तात पडलं असतं. डॅलसनी थांबायचं ठरवलं, २०२० मध्ये त्याला टॅगवर (संघाने लादलेल्या एका वर्षाच्या करारावर) खेळवलं, त्याचा घोटा मोडला, आणि तरीही २०२१ मध्ये चार वर्षांना १६ कोटी मोजले. त्या करारात पुन्हा टॅग लावता येणार नाही असं कलम होतं. म्हणजे २०२४ मध्ये टेबलावर बसताना डॅलसच्या हातात धाक दाखवायला काहीच नव्हतं. जाऊ दिलं असतं तरी आधीच दिलेल्या पण कॅपवर अजून न मोजलेल्या जुन्या बोनसचे सुमारे ४ कोटी पुढच्या कॅपवर बसणारच होते. डॅलसजवळच्या प्लॅनोत राहणारा माझा एक मित्र काउबॉइजवाला आहे आणि आमच्या लीगमध्ये त्याच्याकडे प्रेस्कॉटच आहे. तो म्हणतो, "सोडायचा तर कुणासाठी, ते नाव आधी सांग." हा प्रश्न रास्त आहे. मुदतवाढ नको म्हणणाऱ्या प्रत्येकाने त्याचं उत्तर तयार ठेवलं पाहिजे.

आता मिनेसोटा. कझिन्स आमच्याकडे २०१८ मध्ये आला, तीन वर्षांना ८ कोटी ४० लाख, सगळेच्या सगळे गॅरंटीचे. सहा हंगामांत त्याने प्लेऑफचा एकच सामना जिंकून दिला, पण त्याच्यावर लोकांचं प्रेम होतं आणि माझंही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये कोल्ट्सविरुद्ध मध्यंतराला ०-३३ असताना त्या माणसाने सामना ३९-३६ असा काढला. लीगच्या इतिहासात एवढी पिछाडी कुणी भरून काढलेली नव्हती. त्याच हंगामात जायंट्सविरुद्धच्या वाइल्ड कार्डला (प्लेऑफच्या पहिल्या फेरीत), चौथ्या म्हणजे शेवटच्या डाउनला (प्रयत्नाला) आठ यार्ड हवे असताना, त्याने सहकारी हॉकन्सनला तीन यार्डांवर चेंडू दिला आणि हंगाम तिथेच संपला. कझिन्सचा सगळा काळ या दोन आठवणींत मावतो. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रीन बेला त्याचा अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) फाटला. मार्चमध्ये अटलांटाने चार वर्षांना १८ कोटी देऊ केले, त्यात १० कोटींची गॅरंटी. मिनेसोटाने हात जोडून निरोप दिला.

माझं मत ठरवलं ते एका गोष्टीने, आणि ती त्याच्या खेळाशी संबंधित नाही. ती आहे दर मार्चची कसरत.

कझिन्सचे करार ओळीने लावून बघा. २०२० मध्ये पहिल्या कराराचं एक वर्ष शिल्लक होतं आणि त्या वर्षाचा कॅपवरचा बोजा होता ३ कोटी १० लाख. दोन वर्षांची मुदतवाढ दिली, पैसे पुढच्या वर्षांवर पसरले आणि बोजा २ कोटी १० लाखांवर आला. २०२२ मध्ये पुन्हा एकच वर्ष शिल्लक, आणि बोजा साडेचार कोटी. आठवडाभरात कॅपच्या आत बसायचं होतं. संघात नवीन जनरल मॅनेजर आणि नवीन कोच नुकतेच आलेले, म्हणजे नव्याने विचार करायची तीच वेळ. तरीही एका वर्षाची मुदतवाढ दिली गेली आणि बोजा ३ कोटी १४ लाखांवर आला. २०२३ मध्ये मुदतवाढ नाही, पण पैसे पुढच्या व्हॉइड वर्षांत (फक्त हिशेबापुरत्या करारात लिहिलेल्या वर्षांत) ढकलले. आणि २०२४ मध्ये, तो अटलांटाची जर्सी घालून खेळत असताना, मिनेसोटाच्या कॅपवर त्याच्या नावाचे २ कोटी ८५ लाख पडलेले होते. त्या वर्षी सगळी कॅप २५ कोटी ५४ लाखांची होती. म्हणजे कॅपचा नववा हिस्सा अशा माणसाचा, जो आमच्याकडे नाहीच.

मी गावाकडे दरवर्षी मार्चअखेर विकास सोसायटीत पीककर्जाचं नवं-जुनं होताना बघत मोठा झालो. जुनं खातं भरल्याचं दाखवायचं, त्याच दिवशी नवं काढायचं. व्याज वाचतं, वर्ष निघतं, मुद्दल मात्र जागचं हलत नाही आणि शेतात काय पेरायचं याचा विचारही त्या तारखेच्या धास्तीत होतो. क्वार्टरबॅकच्या मुदतवाढीचं मला नेमकं तेच खटकतं. २०२० आणि २०२२ मध्ये कझिन्स हाच आपला पुढचा क्वार्टरबॅक आहे का, हा प्रश्न कुणी मन लावून विचारला असेल असं मला दुरून तरी वाटत नाही. प्रश्न होता तो मार्च कसा काढायचा हा. कदाचित त्यांना तो मनापासून हवाही असेल, आतल्या गोष्टी आपल्याला कुठे माहीत असतात. पण साडेचार कोटींचा आकडा समोर असताना 'नको' म्हणायची मोकळीक कुणालाच नव्हती, एवढं मात्र दिसतं. एक मुदतवाढ पुढच्या मुदतवाढीला जन्म देते, आणि निर्णय आपल्या हातून कॅलेंडरच्या हातात जातो.

प्रेस्कॉटचंही तेच झालं. २०२४चा करार झाला त्याचं निम्मं कारण २०२१च्या करारात दडलेलं होतं.

लीगमध्ये मी हे स्वतःच्या यादीवर बघितलं. माझ्याकडे पॅकर्सचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स होता. व्हायकिंग्जवाल्याने कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा रॉजर्स ठेवावा हे आमच्या मंडळींना पटत नसे, पण गुण तर तोच आणून देत होता. २०२२च्या मार्चमध्ये तो सलग दुसरा एमव्हीपी घेऊन बसलेला, वय अडतीस, आणि माझ्याकडचा त्याचा करार संपत आलेला. पॅकर्सनी त्याला त्याच महिन्यात तीन वर्षांना १५ कोटी दिले. मी दिले नाहीत. त्याच्या जागी जॉर्डन लव्ह घेतला, जो तेव्हा ग्रीन बेच्या बाकावर बसून होता आणि जवळजवळ फुकट मिळत होता. पहिलं वर्ष वाईट गेलं. आज कुणाला खेळवू, असा प्रश्न दर रविवारी सकाळी उभा राहायचा आणि मी गुणतक्त्याच्या तळाला होतो. पण त्या उन्हाळ्यात मी वर्षानुवर्षांत पहिल्यांदा शांतपणे बसून बाकीच्या जागांचा विचार केला. कॅप मोकळी होती, कुणाचे पैसे पुढे ढकलायचे नव्हते. मला त्या निर्णयातून मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट तीच. गुणांचा हिशेब मांडला तर मुदतवाढ घेतलेला एखादा मित्र माझ्या पुढेही असेल, ते मी नाकारत नाही.

पॅकर्सचं काय झालं तेही बघा. वर्षभरातच रॉजर्स जेट्सकडे गेला आणि २०२३ मध्ये ग्रीन बेच्या कॅपवर त्याचे ४ कोटींहून जास्त पडले. डेन्व्हरची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे: रसेल विल्सनला त्यांच्यासाठी एकही सामना खेळायच्या आत पाच वर्षांची मुदतवाढ, दोन हंगामांत काडीमोड, आणि दोन वर्षांत मिळून साडेआठ कोटींचा डेड कॅप (गेलेल्या खेळाडूचा कॅपवरचा भार). तरीही पुढच्याच हंगामात, बो निक्स या रूकीला (पहिल्याच वर्षाच्या खेळाडूला) घेऊन, डेन्व्हर १०-७ झाला आणि प्लेऑफमध्ये गेला. त्यांच्यासाठी ती वेळ २०१५च्या हंगामानंतर प्रथमच आली होती. एवढा भार वाहूनही जमतं, कारण रूकीचा करार स्वस्त असतो. हा मुद्दा माझ्या मनात मोठा आहे.

मिनेसोटाने मोकळ्या झालेल्या पैशाचं काय केलं, तेही नीट बघण्यासारखं आहे. जोनाथन ग्रीनार्ड आणि अँड्र्यू व्हॅन गिंकल हे दोन पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारे बचावपटू) आणले आणि त्या एका हंगामात दोघांनी मिळून तेवीसहून जास्त सॅक काढले, म्हणजे तेवढ्या वेळा क्वार्टरबॅकला चेंडू हातात असतानाच पाडलं. रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) जस्टिन जेफरसनला चार वर्षांना १४ कोटी दिले. ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर क्वार्टरबॅक जे. जे. मकार्थी घेतला, चार वर्षांचे मिळून २ कोटी २० लाखांच्या आसपास. ऑगस्टमध्ये त्याचा गुडघा गेला आणि १ कोटीवर वर्षभरासाठी घेतलेल्या सॅम डार्नल्डने संघाला १४-३ वर नेलं. अमेरिकेतल्या बाकीच्यांना तो चमत्कार वाटला असेल. मला त्यात चमत्कारापेक्षा भोवतालचा संघ जास्त दिसला. क्वार्टरबॅकला वाचवणारी चांगली लाइन, चांगले रिसीव्हर, चांगला बचाव, चांगला कोच असेल तर क्वार्टरबॅकची जागा आपण समजतो तेवढी अवघड राहत नाही, असं माझं मत झालं.

त्या वर्षी ३ नोव्हेंबरला अटलांटात डॅलसचा सामना होता. एका बाजूला कझिन्स, दुसऱ्या बाजूला प्रेस्कॉट. कझिन्सचा संघ जिंकला आणि ६-३ झाला. प्रेस्कॉटच्या मांडीचा स्नायू त्याच सामन्यात फाटला आणि त्याचा हंगाम संपला. कझिन्सने पुढच्या चार सामन्यांत आठ इंटरसेप्शन दिले, म्हणजे आठदा चेंडू समोरच्यांच्या हातात फेकला, एकही टचडाउन नाही, आणि डिसेंबरमध्ये त्याला बसवून मायकेल पेनिक्सला खेळवलं. पेनिक्सला अटलांटाने कझिन्सशी करार केल्यावर महिना-दीड महिन्यातच आठव्या क्रमांकावर घेतलं होतं. दोन अनुभवी गडी, दोन मोठ्या गॅरंट्या, आणि हंगाम संपताना दोघंही मैदानाबाहेर. तिशी ओलांडल्यावर शरीर कधी काय करेल सांगता येत नाही, आणि गॅरंटीचा कागद त्याआधीच सही होऊन बसलेला असतो.

आता माझ्या बाजूला बोचणारी गोष्ट. मिनेसोटाने डार्नल्डलाही जाऊ दिलं. सिएटलने त्याला तीन वर्षांना १० कोटी ५ लाख दिले आणि पहिल्याच हंगामात त्याच्यासोबत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. इकडे मकार्थी दुखापतींमध्ये अडकला, जेवढा खेळला तेवढ्यात चाचपडला, आणि आम्ही ९-८ होऊन घरी बसलो. त्या फेब्रुवारीत इथली हवा नेहमीपेक्षा जड होती. प्लॅनोच्या मित्राने एवढंच विचारलं, की आता बोल. मी त्याला सांगितलं ते इथेही सांगतो. सिएटलने डार्नल्डला दिलेला करार असा बांधला होता, की पहिलं वर्ष जमलं नसतं तर बाहेर पडायची वाट मोकळी होती. प्रेस्कॉटच्या करारात ती वाट नाही, शिवाय ट्रेड करायचा तर त्याची संमती लागते. खेळाडू अनुभवी असण्याला माझा आक्षेप नाहीच. बाहेर पडायचं दार बंद करून केलेल्या मुदतवाढीला आहे.

डॅलसलाही न्याय द्यायला हवा. २०२५ मध्ये प्रेस्कॉट परत येऊन छान खेळला, त्या संघाचं आक्रमण बघायला मजा आली. पण हंगाम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी डॅलसच्या बचावाचा तारा मायका पार्सन्स पॅकर्सकडे गेला, तिथे त्याला १८ कोटी ८० लाखांचा करार मिळाला, आणि डॅलसच्या बचावाने लीगमध्ये सर्वांत जास्त गुण दिले. शेवट ७-९-१ (सात विजय, नऊ पराभव, एक बरोबरी). पार्सन्स गेला त्यात एजंटशी फिसकटलेली बोलणी होती, सगळा दोष प्रेस्कॉटच्या आकड्याला देणं बरोबर नाही. तरीही ६ कोटींचा क्वार्टरबॅक, ३ कोटी ४० लाखांचा रिसीव्हर सीडी लॅम आणि त्यावर आणखी एक पावणेपाच कोटींचा माणूस, हे एका कॅपमध्ये बसवताना कुणाला तरी उठवावं लागतंच, असं मला राहून राहून वाटतं.

मधला रस्ता म्हणजे रॅम्सचा. क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डबरोबर २०२४ आणि २०२५ मध्ये त्यांनी लांबची मुदतवाढ टाळून प्रत्येक वेळी टेबलावर बसून त्या वर्षापुरतं जमवलं. २०२५च्या सुरुवातीला त्याला इतर संघांशी बोलायची मुभाही दिली, मग तो परत आला आणि सदतीस वर्षांचा असताना एमव्हीपी ठरला. हे सगळ्यांना जमणार नाही, त्यासाठी खेळाडूही तसा लागतो आणि दरवर्षी तुटायची तयारी दोन्हीकडे असावी लागते. पण मुदतवाढ द्यायचीच असेल तर मला पटणारी पद्धत ही आहे.

त्यामुळे तुमच्या यादीतल्या गड्याबद्दल मला विचाराल तर आधी एकच गोष्ट तपासा. मुदतवाढ न देता त्याचा यंदाचा आकडा कॅपमध्ये बसतो का? बसत असेल, वय तिशीच्या आसपास असेल आणि मागे कुणीच नसेल, तर द्या, आणि उशीर न करता द्या, डॅलसने २०१९ मध्ये द्यायला हवी होती तशी. आकडा बसत नाही म्हणून मुदतवाढ देत असाल, तर मी निरोप देईन. एक हंगाम कोरडा जाईल हे गृहीत धरा आणि तो पैसा लाइनवर आणि पास रशवर लावा. लीगमधल्या बाकीच्यांना मी सहसा असा आग्रह करत नाही, प्रत्येकाची यादी वेगळी असते. पण व्हॉइड वर्षं लावायची वेळ आली, की तिथे थांबा, हे मात्र मी जोर देऊन सांगेन.

माझ्याकडे यंदा लव्हचाच करार संपतोय, आणि तो आता नवखा राहिलेला नाही. मी त्याला दोन वर्षं देणार आहे, पैसे पुढे न ढकलता. त्याहून जास्त कुणी देत असेल तर तो त्याच्याकडे जाईल, आणि मी ड्राफ्टच्या यादीला बसेन.